गोधडीची नक्षी शोधायची कुठे? रोजच्या दिसण्यातून रचना बेतण्याविषयी

तगरफूल (पुणे)

गोधडी, भिंतीवर लावायचा कापडी पडदा, उशांचे अभ्रे किंवा दिवाणावरची चादर बेतायला घेतली की आपल्यापैकी बहुतेक जण प्रथम मोबाइल उघडतात आणि दुसऱ्या कोणीतरी आधीच शिवलेल्या वस्तूंची छायाचित्रे पाहू लागतात. त्यात गैर असे काही नाही. मात्र गोधडीवरून गोधडी बेतली की काय घ्यायचे आणि काय टाकायचे हे सारे त्या आधीच्या कारागिराने ठरवलेले असते आणि आपल्या वाट्याला फक्त रंग बदलणे उरते. घरात, जिन्यात, बाजारात जे रोज दिसते त्यावरून रचना कशी उभी करावी, यावर येथील शिवणाऱ्या मंडळींशी सविस्तर बोलावे म्हणून हा धागा काढत आहे.

माझा अनुभव असा आहे की, एखादी गोष्ट आवडली म्हणून ती जशीच्या तशी कापडावर उतरवायला गेले की काम बिघडते. मोर आवडला म्हणून मोराच्या आकाराचा तुकडा कापून चादरीवर लावला, तर ते चित्र होते, रचना होत नाही. त्यामुळे कोणतीही वस्तू पाहताना मी प्रथम एवढेच ठरवते की, मला यातली रेघ घ्यायची आहे की पृष्ठभाग. ज्या वस्तूचे सौंदर्य रेघेत आहे ती टाक्यांत उतरते आणि ज्या वस्तूचे सौंदर्य भरलेल्या आकारांत आहे ती तुकड्यांच्या जोडकामात उतरते. ही गल्लत टाळली की अर्धे काम सोपे होते, असे मला वाटते.

रेघेचे उदाहरण म्हणून मुंबईतील जुन्या इमारतींचे गज आणि कठडे पाहावेत. ओव्हल मैदानालगतच्या आणि मरीन ड्राइव्हवरच्या ज्या आर्ट डेको इमारतींचा २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांच्याच शैलीतील, फारसा गाजावाजा न झालेल्या इमारती माटुंगा आणि शिवाजी पार्क भागात रांगेने उभ्या आहेत. त्यांच्या फाटकांवर उगवता सूर्य, लाटा, कारंज्याच्या धारा असे आकार लोखंडी पट्ट्यांत वळवलेले दिसतात. हे सारे तुकडे जोडून करायला गेलात तर वक्र शिवणींनी जीव मेटाकुटीला येईल, परंतु एकरंगी कापडावर जाड दोऱ्याचा धावदोरा घातला तर तोच सूर्य सहज उतरतो.

पृष्ठभागाचे उदाहरण आमच्याकडच्या जुन्या वाड्यांतील कडीपाटाचे. खाली झोपून वर पाहिले की लाकडी कड्या आणि त्यांच्यामधल्या फळ्या यांचा अरुंद आणि रुंद पट्ट्यांचा एक क्रम दिसतो. कडी खाली आलेली असल्याने उजळ आणि फळी सावलीत असल्याने काळसर. या छतातून मी फक्त दोनच गोष्टी घेतल्या, पट्ट्यांचे प्रमाण आणि उजेड-अंधाराचा क्रम. लाकडाचा रंग, खिळे, जाळी-जळमटे सोडून दिली. निळ्या आणि पांढऱ्या सुती कापडांत ती चादर झाली आणि ती पाहून कोणालाही वाड्याचे छत आठवत नाही, याचे मला मुळीच वाईट वाटत नाही.

आपण सारे हे कसे करता? विशेषतः दिसलेल्या गोष्टीपासून कागदावरच्या आराखड्यापर्यंतचा प्रवास कसा होतो, यावर लिहावे, ही विनंती.

मांडवीकाठ (गोवा)

तगरफूल, विषय उत्तम. रेघ आणि पृष्ठभाग हा भेद पटला, पण तो पुरेसा वाटत नाही, कारण काही नक्षी एकेकट्या पाहिल्या तर त्यांत ना धड रेघ दिसते ना धड आकार. जुन्या घरांतील सिमेंटच्या रंगीत लाद्या हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. आमच्याकडच्या घरांत त्या आहेतच, मुंबईतही १९२२ साली सुरू झालेल्या भारत टाइल्सने अशा लाद्या कितीतरी घरांत पोचवल्या. ही लादी भट्टीत भाजत नाहीत. धातूच्या कप्पेदार साच्यात प्रत्येक कप्प्यात वेगळा रंग ओततात, साचा उचलून मागे सिमेंटचा थर भरतात, दाबयंत्राखाली दाबतात आणि मग पाण्यात मुरवतात. कप्प्यांमुळे रंगांच्या कडा स्वच्छ येतात आणि म्हणूनच त्या नक्षीचे कापडात रूपांतर करणे सोपे जाते, कारण प्रत्येक कप्पा हा आपल्या दृष्टीने एक तुकडाच असतो.

यातली खरी गंमत पुढे आहे. बहुतेक लाद्यांवर पूर्ण फूल नसते, फुलाचा एक चतुर्थांश भाग असतो. चार लाद्या प्रत्येकी एक चतुर्थांश फेरा फिरवून एकत्र बसवल्या की मध्ये फूल उमलते आणि त्याच वेळी चारही बाहेरच्या कोपऱ्यांत दुसरीच एखादी नक्षी तयार होते, जी कारागिराने वेगळी काढलेली नसते. म्हणून माझे सांगणे असे की लादीचे छायाचित्र काढताना एका लादीचे काढू नये, किमान नऊ-दहा लाद्या एकत्र येतील इतके मागे सरकून काढावे. मग आपल्या कामासाठी एकच ठोकळा बेतावा आणि तो फिरवत जावे. ठोकळा साधा असला तरी जोडणीने रचना भरते.

ज्यांच्या घरी अशी जमीन नाही त्यांच्यासाठी एक युक्ती. दोन सारख्या आकाराचे छोटे आरसे एका कडेला चिकटपट्टीने जोडावेत आणि पुस्तकासारखे उघडून कोणत्याही चित्रावर, पानावर, कापडाच्या तुकड्यावर उभे करावेत. आरशांमधला कोन ९० अंश ठेवला तर मूळ भाग धरून चार, ६० अंशांत सहा आणि ४५ अंशांत आठ आवृत्त्यांची नक्षी दिसते. मी तर फणसाच्या कापलेल्या गऱ्यावर, झावळ्यांच्या विणीवर आणि मासळी बाजारात मांडलेल्या बांगड्यांच्या छायाचित्रावर हे आरसे उभे करून पाहिले आहेत. बांगड्याच्या पाठीवरचे काळसर पट्टे सहा वेळा फिरले की कोणी त्याला मासा म्हणणार नाही.

आणखी एक, आमच्या जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्या. काचेऐवजी पातळ, अर्धपारदर्शक शिंपले छोट्या चौकोनांत कापून लाकडी पट्ट्यांत बसवलेले असतात. प्रत्येक चौकोन पांढराच असतो, पण कोणता पिवळसर, कोणता करडा, कोणता गुलाबीकडे झुकलेला. या खिडकीवरून मी जुनी धोतरे, पांढऱ्या चादरी आणि बिनरंगाचा मांजरपाट एकत्र करून पडदा शिवला. नक्षी म्हणाल तर नुसते चौकोन, तरीही उजेडासमोर धरल्यावर त्याला खोली येते, कारण सर्व पांढरे एकसारखे नाहीत.

वेलांटी (सातारा)

दोन्ही लेखन आवडले, तरी एक तक्रार नोंदवते. आपण येथे नक्षी आधी आणि कापड नंतर असा क्रम गृहीत धरला आहे. ज्या गोधडीचे आपण नाव घेतो, त्या गोधडीत हा क्रम कधीच नव्हता. आधी कापड समोर येई, तेही फाटलेले, आणि त्यातले टिकाऊ किती हे पाहून मांडणी ठरे. लुगडे बसायच्या जागी आधी विरते, पदर आणि आतले टोक बरे राहते. मग विरलेला भाग आतल्या थरांत जातो, बरा भाग वर येतो आणि भोक पडले असेल तेथे ठिगळ बसते. त्या ठिगळाचा रंग जवळ जे असेल तो. त्यातून जे दिसते त्याला आज आपण रचना म्हणतो आणि कौतुकाने त्याची छायाचित्रे काढतो.

माझ्या आजीने लादीकडे किंवा खिडकीकडे पाहून गोधडी बेतली असेल असे मला वाटत नाही. ती चारी कडांनी धावदोरा घालायला सुरुवात करी आणि कडेशी समांतर राहत एकेक फेरा आत सरकत मध्यापर्यंत जाई. त्यामुळे प्रत्येक गोधडीवर एकात एक चौकटी आपोआप उमटत. तो आकार थर सरकू नयेत आणि मध्ये फुगा येऊ नये या गरजेतून आला होता. आता कोणी तीच चौकट 'मंदिराच्या गाभाऱ्याची प्रेरणा' म्हणून दुकानात विकली, तर मला हसू येते.

म्हणून माझा सल्ला उलटा आहे. आधी घरातले कापड अंथरावे. काठ किती, साधे अंग किती, ठिपक्यांचे किती, हे पाहावे. लादी किंवा गज शोधायला नंतर जावे. हाती काय आहे हे ठाऊक असले की डोळा नेमके तेवढेच टिपतो.

पंचकार्ड (सोलापूर)

वेलांटीताई, आपला मुद्दा योग्य आहे, परंतु विणकामाच्या बाजूने पाहिले तर साधनांची मर्यादा आणि बाहेरचे दिसणे यांत वैर नसते. माझे आयुष्य सोलापुरी चादरींच्या नक्षीचे आलेख काढण्यात गेले. जकार्ड मागावर नक्षी चढवायची तर ती आधी चौकडीच्या कागदावर उतरवावी लागते. एकेक चौकोन म्हणजे ताण्याचा कोणता दोर कोणत्या आडव्या दोऱ्याच्या वेळी उचलायचा, याचा हुकूम. त्या आलेखावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात आणि त्या पट्ट्यांची माळ मागावर फिरते. तेथे गोल काही नसतेच. मोराची मान असो की वेलीचे वळण, सारे पायऱ्यापायऱ्यांनीच चढते आणि उतरते.

या कामामुळे मला एक खोड लागली, ती गोधडी शिवणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. वस्तू पाहिली की ती किती चौकोनांत ओळखता येईल, हे मनात मोजायचे. कमळ बारा चौकोनांच्या रुंदीत ओळखू येते का? सात चौकोनांत? पाच चौकोनांत? जिथे ते कमळ राहत नाही आणि नुसता एक टवटवीत आकार उरतो, तेथे मी थांबत असे, कारण तो आकार चादरभर आवर्तन करूनही डोळ्यांना थकवत नाही. पूर्ण तपशिलाचे कमळ मात्र चौथ्या वेळी कंटाळा आणते. आपल्या गोधडीतला एक चौकोनी तुकडा म्हणजे माझा एक चौकोन समजावा. दोन इंचांचे चौकोन धरले तर सात चौकोनांचे फूल चौदा इंचांचे होते, म्हणजे पलंगावरच्या गोधडीला बेताचे आणि उशीच्या अभ्र्याला जवळजवळ पूर्ण.

बुरूडकामाकडे या दृष्टीने अवश्य पाहावे. सूप, रोवळी, डालगे, तट्टे यांच्या विणी म्हणजे तयार आलेखच आहेत. एक बेळ, म्हणजे बांबूची चिरलेली पट्टी, वर, एक खाली अशा विणीत बुद्धिबळाचा पट होतो. दोन वर, दोन खाली आणि प्रत्येक ओळीला एक घर सरकवले की तिरपी पायरी होते. ती पायरी मध्येच उलट दिशेला वळवली की टोकदार नागमोडी आकार येतो. बाजारात बुरूड बसतात तेथे अर्धा तास उभे राहिलात आणि चौकडीची वही बरोबर असली, तर पुढील वर्षभर पुरेल इतकी सामग्री मिळते. बुरडाला विचारून, एखादे सूप विकत घेऊन हे करावे. नुसते उभे राहून त्याचे गिऱ्हाईक अडवू नये.

छायाचित्रावरून आराखडा करायचा असेल तर समोरून, सपाट छायाचित्र काढावे. तिरपे काढले की जवळचा चौकोन मोठा आणि दूरचा लहान येतो आणि मग कागदावर प्रमाण जुळवण्यात वेळ जातो.

दूरदेशी (अटलांटा)

वेलांटी यांच्या प्रतिसादावरून आमच्या शेजारच्या राज्याचे उदाहरण आठवले. अलाबामा राज्यात विल्कॉक्स परगण्यात, अलाबामा नदीच्या वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. एकेकाळच्या कापूसमळ्यावरील गुलामांचे वंशज तेथे राहतात. तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि त्यानंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटेही काढली. या गोधड्यांतील बऱ्याच जुन्या नमुन्यांचे कापड म्हणजे शेतात घातलेले, गुडघ्यांवर विटलेले डेनिमचे कपडे. खिसा उसवल्यावर खाली राहिलेला गडद निळा चौकोनही त्यांनी तसाच ठेवला आहे आणि आज त्या चौकोनावरच नजर ठरते.

आता वेलांटींच्या बाजूचा आणखी भक्कम पुरावा देतो. १९६६ साली त्या भागात 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही स्त्रियांची सहकारी संस्था सुरू झाली. १९७२ पासून तिला सीअर्स या मोठ्या दुकानसाखळीकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या खोळींचे काम मिळाले. उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे घरोघरी गेले आणि त्या दशकातील तेथील गोधड्या एकाएकी मोहरी, गंजका लाल, गर्द हिरवा अशा रंगांच्या, मोठ्या तुकड्यांच्या झाल्या. कापड जाड असल्याने बारीक तुकडे जोडणे अवघडच होते. म्हणजे कापडाने रचना बदलली, हे खरे.

तरीही त्यांच्या रचनांची नावे पाहा. एकात एक चौकटी असलेल्या रचनेला त्या 'हाऊसटॉप' म्हणतात, म्हणजे घराचे छप्पर, आणि दुसऱ्या एका पायऱ्यांच्या रचनेला 'ब्रिकलेअर', म्हणजे विटा रचणारा गवंडी. कापड ठरवत होते ते काय शक्य आहे, पण शक्य असलेल्यातून निवड करताना डोळ्यासमोर घर आणि भिंत होतीच. आपल्या आजींच्या बाबतीत तसे नव्हते, हे आपण कशावरून म्हणायचे? त्यांनी ते बोलून दाखवले नसेल, एवढेच.

मी स्वतः येथे वेगळेपणाने पाहतो ते म्हणजे रस्त्याकडेची लाकडी तख्तपोशीची घरे. आडव्या फळ्या, त्यांवर उडालेला रंग, मध्येच नवी बसवलेली एखादी फळी. ती एक नवी फळी नसती तर त्या भिंतीकडे पाहावेसे वाटले नसते. माझ्या पट्ट्यांच्या गोधड्यांत मी अशी एक 'नवी फळी' मुद्दाम ठेवतो.

जोंधळा (धारवाड)

येथे मराठी घरांत इरकल नेसणाऱ्या बायका अजून पुष्कळ आहेत, म्हणून दूरदेशी यांच्या नावांच्या मुद्द्याला पुढे नेते. इरकलीच्या लाल पदरावर पांढऱ्या रेशमात जे दातेरी आकार विणलेले असतात त्यांना कानडीत 'हणिगे' म्हणजे फणी, 'कोटी कम्मली' म्हणजे किल्ल्याचा तट, 'तेने' म्हणजे जोंधळ्याचे कणीस, 'रंपा' म्हणजे डोंगररांग अशी नावे आहेत. काठाच्या एका प्रसिद्ध प्रकाराला 'गोमी' म्हणतात. फणी, तट, कणीस, डोंगर आणि गोम! ज्या विणकराने ही नावे ठेवली त्याने आपल्या दारातून जे दिसते तेच पाहिले होते. तिकडे विदर्भात टसरच्या साडीला करवती काठ असतो, तो सुताराच्या करवतीच्या दातांवरून.

कसुती या आमच्याकडच्या भरतकामातही असेच आहे. तिच्या चार टाक्यांपैकी 'गवंती' हा दुहेरी धावदोरा, जो दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. 'मुर्गी' पायऱ्यांनी चढतो, 'नेगी' विणल्यासारखा दिसतो आणि 'मेंथी' ही फुली, जी मेथीदाण्यांसारखी भरगच्च दिसते. आकृत्या म्हणाल तर तुळशीवृंदावन, गोपूर, पालखी, हत्ती, पाळणा. तगरफूल यांचा 'रेघ टाक्यात उतरते' हा नियम कसुतीत चांगला तपासता येतो, कारण तेथे सारे वृंदावनसुद्धा रेघेतच बांधलेले असते. गोधडीवर कसुती मोठ्या मापाने, जाड दोऱ्याने घातली तर सुरेख दिसते. धाग्यांची मोजणी करता येत नसेल तर कापडाखाली चौकडीचे कापड धरावे किंवा खडूने चौकडी आखावी.

आणखी एका परंपरेचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीजांच्या अमलाखालील गोव्यातून पळून आलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज त्यांत आहेत आणि त्यांच्या बोलीत कोकणी-मराठीचा मोठा भाग आहे. त्यांच्या गोधडीला 'कवंदी' म्हणतात. वरचे तुकडे आधी जोडून घेत नाहीत. जुन्या साडीचे अस्तर अंथरून एका कोपऱ्यापासून सुरुवात करतात आणि एकेक तुकडा कडा दुमडून ठेवत, त्याच वेळी टाके घालत, कडेने फिरत मध्याकडे जातात. म्हणजे आराखडा आधी कागदावर नसतो, तो हाताखाली घडत जातो. शेवटी चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेले जे छोटे कापड लावतात त्याला 'फूल' म्हणतात. फुलांवाचून कवंदी पूर्ण समजत नाहीत.

पंचकार्डकाकांची चौकडीची वही आणि सिद्दी बायकांची पद्धत ही दोन टोके आहेत. मी दोन्ही वापरते, पण खरे सांगायचे तर रोजच्या दिसण्यातले अनपेक्षित काही पकडायचे असेल तर दुसरी बरी. वहीत काढले की हात सवयीने सारे समान करू लागतो.

सुईदोरा (नाशिक)

मी या कामात नवीन आहे. सर्वांचे वाचून घरातला हिरवा-लाल लादीचा नमुना घेऊन तुकडे मांडून पाहिले, पण जवळून छान दिसणारी नक्षी चार पावले मागे गेल्यावर दिसेनाशी होते. कापडे तर चांगली ठसठशीत आहेत. असे का होत असावे?

तगरफूल (पुणे)

सुईदोरा, मोबाइलमध्ये त्या मांडणीचे छायाचित्र कृष्णधवल करून पाहावे. बहुधा आपला लाल आणि हिरवा दोन्ही एकसारखे करडे दिसतील. रंग वेगळे असले तरी त्यांची गडद-फिकटपणाची पातळी एकच असली की दुरून डोळा त्यांना वेगळे काढू शकत नाही आणि नक्षी तर गडद-फिकटातूनच उभी राहते. मूळ लादीवर लाल आणि हिरव्याच्या मध्ये पांढरा किंवा पिवळट कप्पा असेल, तो आपण कापडात गाळला असावा. आपल्या साड्यांतही हिरव्या अंगाला लाल काठ देताना मध्ये जरीची किंवा पिवळ्या दोऱ्याची बारीक रेघ घेतात, तिचे काम हेच.

म्हणून दिसलेल्या वस्तूतून रंग उचलण्यापेक्षा गडद-फिकटाची वाटणी उचलावी, असे मी म्हणेन. भाजीमंडईतील वांग्यांच्या ढिगाकडे पाहा. जांभळा रंग सर्वांनाच दिसतो, पण तेथे नजर धरून ठेवतो तो देठाचा फिकट हिरवा आणि सालीवरच्या चमकेचा पांढरा ठिपका. जांभळा बहुतेक सारा भाग, हिरवा थोडा, पांढरा अगदी नावापुरता. हे प्रमाण तसेच ठेवून जांभळ्याच्या जागी विटकरी घेतला तरी ती मांडणी चालते. उलट तिन्ही रंग सारख्या प्रमाणात घेतले तर वांगीही राहत नाहीत आणि मांडणीही राहत नाही.

कापडांबद्दल एक सूचना. नव्या लाल आणि काळ्या सुती कापडाचा तुकडा भिजवून पांढऱ्या चिंधीवर दाबून पाहावा. रंग उतरत असेल तर ते कापड फिकट कापडाशेजारी लावू नये. पुन्हा पुन्हा धुतलेल्या जुन्या लुगड्यांची ती भीती फारशी नसते, हा वेलांटींच्या बाजूचा एक गुण.

वेलांटी (सातारा)

एक गुण मिळाल्याबद्दल आभारी आहे. दूरदेशी यांनी आजीबद्दल विचारलेला प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला आहे आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नाही, एवढे कबूल करते.

दुसरा एक विषय या धाग्यात यायला हवा. रोज दिसते ते सारे आपल्या वापरासाठीच आहे का? वारली चित्रांची नक्षी आता पायपुसण्यांपासून सोफ्याच्या खोळींपर्यंत सगळीकडे दिसते. त्या समाजात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर देवचौक काढतात आणि त्यात पालघट देवीची स्थापना असते. तो चौक उचलून पाय पुसायच्या वस्तूवर शिवणे मला पटत नाही. शेतीची, नाचाची, झाडांची चित्रे निराळी आणि चौक निराळा. ज्यांची ती पूजा आहे त्यांना ती वस्तू दाखवताना संकोच वाटेल असे काही शिवू नये, ही माझी कसोटी. आपल्या गोपद्मांबद्दल आणि चैत्रांगणाबद्दलही मी तेच म्हणेन. देवघराच्या पडद्यावर शोभतील, पलंगाच्या पायथ्याशी नकोत.

मांडवीकाठ (गोवा)

सहमत. जमिनीवरच्या लाद्यांना तो प्रश्न नाही, त्यांवर आपण चालतोच!

पूर्वी लिहायचे राहिलेले एक तांत्रिक. जुन्या लाद्यांत ठोकळे रचल्याचा भास देणारी एक नक्षी असते, गडद, मध्यम आणि फिकट अशा तीन समभुज चौकोनांचा षट्कोन. ती पाहून अनेकांना मोह होतो आणि तीन टोके एका बिंदूत शिवताना बहुतेकांचा धीर सुटतो. त्यावर उपाय असा की षट्कोनाचे टोक वर ठेवून मांडणी करावी आणि प्रत्येक ठोकळ्याचा वरचा, म्हणजे सहसा फिकट, तुकडा त्याच्या आखूड कर्णावर उभा कापून त्याचे दोन समभुज त्रिकोण करावेत. मग सारी रचना उभ्या पट्ट्यांत मांडता येते, प्रत्येक पट्टी सरळ शिवणींनी तयार होते आणि शेवटी पट्ट्या एकमेकींना जोडल्या की ठोकळे उभे राहतात. फिकट तुकड्यात मध्ये एक शिवण दिसते, पण एकरंगी कापड घेतले तर लक्षात येत नाही.

तगरफूल (पुणे)

चर्चेतून माझी पुढची गोधडी ठरली. लादीचाच नमुना घेत आहे, परंतु वेलांटींच्या म्हणण्याप्रमाणे आधी घरातले कापड अंथरून पाहिले. हाती आहेत एक जुनी निळसर इरकल नऊवारी, फिकट सुती साड्या आणि थोडा खण. लादी ८ इंचांची, म्हणून ठोकळाही ८ इंचांचा. आडवे सहा आणि उभे दहा ठोकळे घेतले तर ४८ बाय ८० इंच होतात आणि दोन्ही संख्या सम असल्याने चार-चार ठोकळ्यांची पंधरा पूर्ण फुले बसतात. सभोवती सहा इंचांची किनार लावली की ६० बाय ९२ इंच, म्हणजे एका माणसाला ऐसपैस. ठोकळ्यात कर्णावर जोडलेले त्रिकोण आहेत. पंचकार्डकाका, त्यांचे माप एकदा तपासून द्यावे. खण फारच थोडा असल्याने फुलाच्या मध्यापुरताच वापरीन.

पंचकार्ड (सोलापूर)

पाव इंचाची शिवण धरली तर तयार मापापेक्षा ७/८ इंच मोठा चौकोन कापून तो कर्णावर छेदावा. म्हणजे ४ इंचांच्या तयार तुकड्यासाठी ४ ७/८ इंचांचा चौकोन. साडीचे जुने कापड कर्णावर ताणले जाते, तेव्हा कापण्याआधी पातळ खळ देऊन इस्त्री करावी.

किनारीचा हिशोब मांडून पाहिला. ६० आणि ९२ इंचांच्या गोधडीचा परीघ ३०४ इंच होतो. नऊवारी म्हणजे नऊ वार, ३२४ इंच. काठाची रुंदी शिवणीसह पुरत असेल तर इरकलीचा एकच काठ चारही बाजूंना पुरतो आणि कोपऱ्यांत तिरपी जोड देऊनही थोडा उरतो. दुसरा काठ दुसऱ्या कामाला ठेवता येईल.

वेलांटी (सातारा)

दोन काठांपैकी वरचा, कमरेकडे खोचला जाणारा काठ घ्यावा. पायांकडचा काठ टाचेशी घासून झिजलेला असतो आणि त्याचे दोरे धुण्यात सुटत राहतात. पदराच्या भागात काठाच्या शेजारी लाल येतो, तेव्हा ते टोक पायथ्याच्या बाजूला लावावे. उशीकडची कड रोज हाताळली जाते, तेथे काठावर आणखी एक जुन्या मलमलीची पट्टी टाचून ठेवावी, म्हणजे मळल्यावर तेवढीच उसवून धुता येते.